सातांची कव

गोरखचिंचेपाशी त्या दुपारी सहा जण होते. लंबू, चष्मेवाली, गाडी चालवत आलेला सारथी, दोघी जुळ्या आणि सगळं मोजत सुटणारी फूटपट्टी. वर्गच मुळी सहा जणांचा. बाकी म्हणाल तर झाडाभोवती गुडघाभर उंचीचं लोखंडी कुंपण होतं, फांद्यांखाली चार टेकू होते, ढोलीत कधीकाळी भरलेलं सिमेंट होतं आणि अक्षरं झिजलेली एक दगडी पाटी. माणसं मात्र सहाच. फूटपट्टीने ती नीट मोजली होती, कारण भांडण त्यावरूनच चाललं होतं.

"सात लागतात," एक जुळी म्हणाली. "सहा जणांत आजोबा कवेत यायचे नाहीत."

"लंबू दीड माणूस आहे की," सारथी म्हणाला.

"आणि तू अर्धा. फिटला हिशेब," लंबूने परतफेड केली.

विद्यापीठातली ही जुनी रीत. अभ्यासक्रम संपला की जाण्यापूर्वी सात जणांनी हातात हात गुंफायचे, डोळे मिटून खोडाला गाल लावायचा आणि आपण मागे काय टाकून चाललो आहोत ते मनातल्या मनात आजोबांना सांगायचं. आजोबा म्हणजे हे झाड. राखाडी, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखं.

फूटपट्टीने टेप लावून घेर घेतलाच होता. चहातली साखरसुद्धा मोजून घालणारी ती. नाव उगीच नव्हतं पडलं. "अकरा मीटर वीस," तिने जाहीर केलं. "माणसाचे पसरलेले हात सरासरी एक मीटर साठ. सहा जणांचे नऊ साठ. बरोब्बर एक माणूस कमी."

"राहू दे फट," चष्मेवाली म्हणाली. "आजोबा काय टेप घेऊन बसलेत? चला, ऊन चढतंय."

ती फट फूटपट्टी आणि लंबू यांच्यामध्ये ठेवायची असं ठरलं.

फूटपट्टीने डोळे मिटले. साल उन्हाने तापली होती आणि सालीला साचलेल्या पाण्यासारखा वास येत होता. उजव्या हातात चष्मेवालीचा हात होता, बोटातल्या अंगठीसकट. डावा हात तिने नुसताच खोडावर पसरला. उद्या ती नोकरीसाठी निघणार होती, दोन दिवसांच्या प्रवासावरच्या गावी. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. ती एकुलती एक. आईचे गुडघे गेलेले, आणि या महिन्यात आई दोनदा गॅस चालू ठेवून झोपी गेली होती. टाकून जायचं म्हणजे दुसरं होतं काय? आई एकटी राहील, तिने मनात म्हटलं. आईजवळ कोणी नाही.

डाव्या तळव्यात एक हात सरकला. कोरडा, उबदार. बोटांत बोटं अडकली.

"पोचलो! अरे, पोचलो की!" पलीकडून लंबू ओरडला. "फूटपट्टी, तुझं गणित नापास!"

हात सुटले. सगळे मागे सरले, हसले, गाल पुसू लागले. धाकट्याने तळवे पँटला पुसले.

"ताई, थांब, केसात कचरा आहे," तो म्हणाला आणि त्याने तो अलगद काढला.

"फुंकर मार, ओढू नकोस," ती सवयीने म्हणाली.

गाडीपर्यंतचा रस्ता अर्धा संपल्यावर तिने पुढे चालणाऱ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा सवयीनेच मोजलं. आपल्याला धरून सात.

ती थांबली. लंबू, चष्मेवाली, सारथी, जुळ्या, आपण. आणि धाकटा.

धाकटा तिला पाठ होता. जिन्यावरून पडून भुवईवर आलेली खूण. तेराच्या पाढ्यासाठी तिने त्याला मारलेली चापट, आणि मग दोघांनी मिळून रडणं. वडील गेले त्या दिवशी शाळेच्या गणवेशातच झोपलेला तो. सगळं जागच्या जागी होतं. मग तिने आजची सकाळ आठवून पाहिली. लंबूचं डोकं गाडीच्या दाराला आपटलं होतं. चष्मेवाली पाण्याची बाटली विसरली होती. धाकट्याने काय केलं? काहीच आठवेना. काल? परवा?

"सारथी, येताना धाकटा कुठे बसला होता?"

"मागे."

"कोणाच्या शेजारी?"

"मागे," सारथी पुन्हा म्हणाला आणि किल्ली शोधू लागला.

"मग एक माणूस कमी म्हणून आपण कशाला भांडत होतो?"

"आपण?" चष्मेवाली हसली. "सात तर होतो. तूच आणलंस ना त्याला, सातवा म्हणून. ऊन लागलंय तुला."

फूटपट्टी बाजूला गेली आणि तिने आईला फोन लावला.

"आई, धाकट्याला यायला उशीर होईल."

"कोणाच्या धाकट्याला?"

फूटपट्टीने बाकीच्यांकडे पाठ केली. "आई, आपल्या घरी मी... मी एकटीच ना गं?"

"असं काय विचारतेस वेड्यासारखं? एकटीच तर—"

मागून हात आला आणि त्याने फोन काढून घेतला. ओढून नाही, अगदी हळू.

"आई, मी बोलतोय."

पलीकडे काहीच ऐकू येईना. श्वाससुद्धा. मग आई हसली. वडील गेल्यापासून फूटपट्टीने ते हसू ऐकलं नव्हतं.

"अरे सोन्या! जेवलास का रे? ताईला म्हणावं, जा आता निवांत. तू आहेस ना माझ्याजवळ."

"म्हणते, जा निवांत," धाकट्याने फोन परत देत सांगितलं.

गाडीत ती मागे बसली. तो शेजारी, खिडकीपाशी. पुढे जुळ्यांनी गाणं लावलं होतं आणि लंबू बेसूर साथ देत होता. उद्या सकाळची गाडी. उद्या रात्री आई आणि हा, दोघंच घरात. आतून कडी लावलेली.

धाकट्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. डोक्याचं वजन ओळखीचं होतं, केसांना मात्र साचलेल्या पाण्याचा वास होता. तिला रडू आलं, आणि तिने ते गिळलं.

"झोपलास?"

"अंहं."

तिने त्याचं मनगट हातात घेतलं, दोन बोटं अंगठ्याच्या मुळाशी ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

त्वचा उबदार होती. खाली काहीच नव्हतं.

तिने बोटं जरा दाबली.

मग एक ठोका आला. सावकाश, जाड.

ती वाट पाहत राहिली. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं.

"किती भरले, ताई?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

मिनिटाला दोन.