लहानूचा नंबर चार

चहा गार झाला तर होऊ द्या, आधी हे ऐका. दिवसाढवळ्या घडलंय, दुपारी चारच्या सुमाराला. सांगताना अजून छाती धडधडते. भीतीनं म्हणाल, तर नुसत्या भीतीनं नाही.

ब्याण्णव साली आम्ही चौघं नाशिकभर भिंती रंगवत फिरायचो. जीवन म्होरक्या, मग सुवर्णा, मी आणि पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचा लहानू. गेरूत डिंक कालवायचा आणि घोषणा लिहायच्या. जग आता बदलतंयच, अशी खात्री होती! आमचा एक नेम होता. कुठूनही निघताना जीवन "मोजणी!" म्हणून ओरडायचा. जीवन एक, सुवर्णा दोन, मी तीन, लहानू चार. चार ऐकल्याशिवाय कोणी पाऊल उचलायचं नाही.

त्र्याण्णवच्या मोर्चात लाठीमार झाला. मिळेल त्या ट्रकमध्ये चढून आम्ही पळालो. त्या दिवशी मोजणी केलीच नाही. लहानू तिसऱ्या दिवशी ओढ्यात सापडला.

पुढं जो तो पोटामागं लागला. दोन हजार सहापर्यंत जीवन बडा कंत्राटदार झाला, सुवर्णा जमिनीचे कागद करणारी वकील, आणि घोषणा लिहिणारा मी फ्लॅटच्या जाहिराती खरडत होतो. लहानूच्याच पाड्यावर जीवनला रिसॉर्ट बांधायचं होतं. लहानूची आई भागीबाई हिनं अंगठा दिला की सगळा पाडा देणार, आणि ती आमच्याशिवाय कोणाचं ऐकणार नव्हती. म्हणून तिघं एका सुमोत बसलो. लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, सहलीला निघाल्यासारखा आनंद झाला होता.

घाटाखाली वडे खाल्ले. जीवननं किल्ली फिरवली आणि उगाच जुन्या थाटात ओरडला, "मोजणी! एक!"

"दोन!" सुवर्णा खळखळून हसली.

"तीन!" मी.

"चार." मागच्या सीटवरून.

मागं कोणी नव्हतं. गाडीत ओल्या गेरूचा वास भरला.

"जीवन... ऐकलंस?" सुवर्णा कुजबुजली.

त्यानं तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "पाच!" आवाज जीवनचाच, पण विशीतला. मग "सहा!" म्हणत सुवर्णाचं कॉलेजातलं हसू. आणि "सात!" तो माझा होता हो! किती वर्षांनी ऐकत होतो. मागचं दार उघडून धाडकन आपटलं आणि पाड्याच्या दिशेनं हसत, धावत पावलं गेली. अंगावर सरसरून काटा आला, आणि तरी वाटलं, उडी मारावी, त्यांना गाठावं. जीवननं गाडी पिटाळली.

भागीबाई उंबऱ्यात नागली पाखडत होती. आम्हाला बघून तिला नवल वाटलं.

"परत का आले? आत्ताच तर येऊन गेले ना तुम्ही. अंगठा देऊ नको म्हणाले, भिंतीवर लिवलं पण."

भिंतीवर अक्षरं होती, ओली. गेरू अजून खाली ओघळत होता. अक्षर माझं होतं.

"कोण... कोण आलं होतं मावशी?" सुवर्णानं विचारलं.

"तुम्हीच की, चौघं. तिघं गेली फुडं. लहानू आत बसलाय. म्हणतो, मागं राहिलेली तिघं यायची हायत, त्यांना मोजून घेऊन जातो."

घरात अंधार होता. त्यातून अगदी प्रेमानं कोणी म्हणालं, "मोजणी..."

जीवनचे ओठ हलले. "एक..."

"दोन..." सुवर्णाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि गाडीकडे पळालो. दुसऱ्यांदा पळालो.

अंगठा काही मिळाला नाही. जीवन पुढच्या पावसाळ्यात गेला, सुवर्णा त्याच्या पुढच्या. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. माझा आकडा मात्र राहिलाय, आणि लहानू नेमाचा पक्का आहे. अधूनमधून गेरूचा वास येतो, तेव्हा, तुम्ही हसाल, जीभ शिवशिवते.

आज सकाळपासून येतोय.