बिनमापाचा लबादा

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. पण शेजारच्या क्वार्टरमधल्या कमलिनीकाकू रोज आमच्या स्वयंपाकघरात बसून हेच सांगतात, आणि मी दाराआडून ऐकते.

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये गणपतीत मराठी मंडळाचं नाटक असतं. मंडळाच्या पेटीत एक लबादा होता. नागपूरहून आलेल्या पहिल्या कुटुंबांनी हॉलच्या जुन्या मखमली पडद्यातून तो बेतला होता. राजा असो, यम असो, दरोडेखोर असो, सगळ्यांना तोच. त्याला बाह्या नाहीत, माप नाही. ज्याच्या खांद्यावर पडेल त्याचा. आणि तो पडला की बुटका माणूससुद्धा उंच दिसायचा. म्हणून दर वर्षी त्यावरून पोरांची भांडणं.

यंदा तो काकूंच्या अच्युतला मिळाला. पडदा उघडायच्या जरा आधी गळ्याचा हूक तुटला. काकूंनी सुईदोरा काढला.

"अंगावर शिवतेय, तोंडात काडी धर," त्या म्हणाल्या. अंगावरचा कपडा तसाच शिवू नये. तसा मेलेल्याचाच शिवतात.

"आई, काडी धरून राजा बोलणार कसा? एंट्री आहे यार माझी!"

त्याने काडी थुंकली. काकूंनी घाईने टाके घातले.

नाटक संपल्यावर त्या उसवायला गेल्या, तर टाके सापडेनात. शिवणच नव्हती. कापड गळ्यापासून सरळ खाली उतरलेलं, विणतानाच तसं विणल्यासारखं. अच्युतच्या बाबांनी, नीळकंठकाकांनी, घरी जाऊन पत्रा कापायची कात्री आणली. पहिल्याच कापाला अच्युत पांढरा पडला.

"बाबा, नको… मलाच कापताय."

दुसऱ्या दिवशी काकूंनी खालून आत हात घातला. कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. ना पाय लागले, ना पोट. नुसता गारवा आणि बंद हॉलचा कुबट वास. वर अच्युतचा चेहरा हसत होता.

"आई, काय शोधतेस?"

मग चेहराही खाली जाऊ लागला. आधी हनुवटी, मग ओठ. दसऱ्याला नुसते डोळे उरले. दिवाळीत गळ्याशी फक्त अंधार. लबादा मात्र काकूंच्या आतल्या खोलीत कोपऱ्यात उभाच आहे, आत कुणी ताठ उभं असल्यासारखा. काका त्या खोलीकडे बघतही नाहीत.

काकू रोज दुपारी त्याच्या घेराखाली वरणभाताचं ताट सरकवतात. ताट रिकामं बाहेर येतं. पोरगा आत जेवतोय, या आशेवरच त्या जगतात. गेल्या आठवड्यात ताट सरकवताना आतून एका हाताने त्यांचा हात धरला. काकू आनंदाने रडल्या. मग त्यांनी बोटं चाचपली, मनगट चाचपलं.

"मालती, त्या हातात बांगड्या आहेत गं…" त्या आईला हळूच म्हणाल्या.

"मग ताट बंद करा, वहिनी."

"कसं करू? जी कोण आहे, तिला उपाशी ठेवलं आणि तिने माझ्या पोराला…"

काल काकूंनी धीर करून तो हात घट्ट धरला आणि आणखी आत चाचपत गेल्या. तेव्हा त्यांना कळलं, की त्या हाताच्या मागे—

"विजया!" काकू पलीकडून मला हाक मारतायत. "जरा ये गं बाळा. तुझा हात बारीक आहे… पार आतपर्यंत जाईल."

आई बाजारात गेली आहे.