कोबीत पेरू

ती दारावरची थाप नव्हती. कुणीतरी दार मोडायलाच निघालं होतं. प्राचीने हातातलं पुस्तक पालथं ठेवलं, कडी काढली. समोर एक माणूस धापा टाकत उभा होता. समोरच्या घराचा जिना चढताना त्याला तिने एक-दोनदा पाहिलं होतं. नवा भाडेकरू, एवढंच ठाऊक होतं.

"तुमच्याकडे काहीतरी जळतंय," तो म्हणाला.

"नाही हो," प्राची म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग तिच्या खांद्यावरून आत. प्राचीने वळून पाहिलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून धुराचा पट्टा हळूच बैठकीत येत होता. त्याने चपला काढल्या (एवढ्या घाईतही त्याने चपला काढल्या, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं), आत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि पातेलं पक्कडीने धरून मोरीत ठेवलं. आतल्या कोबीचा कोळसा झाला होता.

प्राची मधल्या भिंतीला टेकून वाचत बसली होती. तिला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं. 

"मला वास येत नाही," ती म्हणाली.

हे तिने इतक्या महिन्यांत कुणालाच सांगितलं नव्हतं. घाबरलेलं माणूस परक्याला काहीही सांगून बसतं, तसं झालं.

आई गेली, आणि त्याच महिन्यात प्राची तापाने आजारी पडली. ताप उतरला. एक दिवस आईचं कपाट उघडून तिने घडीच्या साडीत चेहरा खुपसला, आणि तिथे काहीच नव्हतं. नुसतं कापड. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीही येणार. प्राचीने कपाट बंद केलं. आपल्याला येत नसला तरी आईचा वास आत असेल, दार उघडं राहिलं तर उडून जाईल, या धास्तीने तिने ते पुन्हा उघडलं नाही.

दुसरी धास्ती गॅसची. देवपूरच्या कॉलेजात लायब्ररीच्या नोकरीला जाताना तिला मध्येच वाटायचं, बटण बंद केलं ना? मग ती अर्ध्या वाटेवरून घरी परत यायची. आणि तिसरी भटूमामांची. मामा एरंडोलला राहायचे. आईला जाऊन वर्ष झालं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला की हे घर भाड्याने देऊ, तू आमच्याकडे ये, असं ते दर फोनला सांगत. एकटी पोरगी, त्यांना झोप लागत नव्हती. तिच्या नाकाचं कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी कुलूप आणलं असतं. प्राचीला हे घर सोडायचं नव्हतं. आई इथे होती ना...

पुण्यानुमोदनाला सगळे आईची, म्हणजे कलाबाईंची भाजी मागणार होते. आई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. थंडीत कोबी ढिगाने यायचा, पेरू पिकून मऊ पडायचे, त्यातून तिने ही भाजी काढली होती. बारीक चिरलेला कोबी, बिया काढलेले पेरू, थोडी चिंच, गूळ. वर ताटली, ताटलीत पाणी, आणि अगदी मंद आचेवर तास-दीड तास. झाकण उघडायचं नाही. "वास सांगतो," आई म्हणायची. त्या वेळात ती स्वयंपाकघरात कुणाला बोलूही द्यायची नाही. दिवसभर पोरींच्या कलकलाटात राहून दमते बिचारी, असं प्राची समजायची.

हे सगळं तिने त्या माणसाला सांगितलं. त्याचं नाव प्रशील. भडगावचा, इथे पाटबंधारे खात्यात नोकरीला. 

"मला वास येतो," तो म्हणाला. "पण कुठला शोधायचा, ते माहीत नाही. तुम्ही सांगाल?"

पुढच्या रविवारी तो आला. येताना त्याने एक छोटी पांढरी डबी आणली आणि ओट्याजवळच्या भिंतीवर स्क्रूने बसवली. गॅस सुटला की ती बोंबलते, असं त्याने समजावून सांगितलं. पहिल्या भेटीला काय न्यावं हे त्याला कळत नव्हतं, हेही सांगितलं. प्राची हसली. घरात आपलं हसू ऐकून तिची तीच दचकली.

मग रविवारमागून रविवार तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसू लागला. पुढचं दार सताड उघडं. प्राचीने वास शब्दांत सांगायचे आणि त्याने ते हवेत शोधायचे. पहिला उग्र, ओल्या सुतळीसारखा. दुसरा पेरूचा, पण झाडावरच्या नव्हे, दप्तरात राहून गेलेल्या पेरूचा.

"शाळेच्या दप्तरात की कॉलेजच्या?" तो विचारायचा.

"शाळेच्या."

"मग पेन्सिलीचाही येणार."

तिसरा तिला सांगताच येत नव्हता. गोड, पण खाली बसलेला... दमून आलेलं माणूस बसतं तसा. प्रशील डोळे मिटायचा, मान वर करायचा, आणि प्राची त्या मिटलेल्या पापण्यांकडे हवं तेवढं बघून घ्यायची. एकदा त्याने मध्येच डोळे उघडले. तिला ताटलीतलं पाणी बघायची फार घाई झाली.

शेजारच्या सुंदरबाईंनी तिला नळावर गाठलंच. "काय वं, हाऊ पोऱ्या तुना घर कसाले येस?"

"भाजीसाठी, अक्का."

"दर रविवारे?" सुंदरबाई म्हणाल्या. "मोठी अवघड भाजी शे माय."

अवघड होतीच. दर वेळी काहीतरी बिनसायचं. कधी पचपचीत, कधी करपट. प्रशील चाखून खरं ते सांगायचा. आणि प्राचीला आता एक नवीच धास्ती लागली होती. भाजी जमली तर हा कशाला येईल? नाही जमली, तर मामांना नाकाचं कळेल आणि घर जाईल.

वर्षाच्या दिवशी सकाळी बैठकीत सतरंज्या पडल्या, आईच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. मामा पहाटेच्या गाडीने आले होते. प्राचीने कोबी चिरला, पातेलं चढवलं, ताटलीत पाणी ओतलं. प्रशील दोन दिवस गावी गेला होता. तो मोटारसायकलवरून थेट आला, गळ्यात मफलर, डोळे लाल. वाऱ्याने असेल, तिला वाटलं. तो आपल्या खुर्चीवर बसला.

पहिला वास आला का, तिने विचारलं. थोडं थांबा, तो म्हणाला. काही वेळाने पुन्हा विचारलं. थोडं थांबा. बाहेर बुद्धवंदना सुरू झाली, संपली. माणसं पानांवर बसायची वेळ आली. मामा दारात येऊन बघून गेले. प्राचीने तिसऱ्यांदा प्रशीलकडे पाहिलं, आणि त्याने मान खाली घातली.

"मला काहीच येत नाहीये. परवापासून नाक बंद आहे."

ती ओट्याला धरून उभी राहिली.  आता झाकण काढावं, तर सगळी वाफ जाईल. नाही काढलं तर... तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण बाहेर पाहुणे होते. तो काही बोलला नाही. तीही नाही. या स्वयंपाकघरात ते दोघं पहिल्यांदाच एकदम गप्प झाले.

आणि तेव्हा तिला पातेलं ऐकू आलं.

आत जाडसर खदखद चालली होती. ऐकता ऐकता ती बारीक झाली. मग बुडातून अगदी हलकी चरचर आली, कुणी दुसऱ्या खोलीत कागद चुरगळावा तशी. प्राचीला आई दिसली. गॅसकडे पाठ करून लसूण सोलत बसलेली, मान एका बाजूला कललेली. गप बस गं पोरी, भाजी शिजतेय. वास म्हणायची, पण कान देऊन बसायची. तिचं तिला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. आणि इकडे हे दोघं दर रविवारी तो आवाज बुडवत गप्पा मारत बसले होते.

चरचर दोन श्वास टिकू दिली आणि प्राचीने गॅस बंद केला. झाकण तिने स्वतःच काढलं. कोबी तांबूस, मऊ, पेरूच्या फोडी विरघळायच्या बेतात.

"नाक बंद होतं तर आलात कशाला?" तिने पातेल्याकडेच बघत विचारलं. "इतका वेळ इथे काय करत होता?"

"तुमच्याबरोबर घाबरत होतो," प्रशील म्हणाला. "एकटीने कशाला घाबरायचं... आणि खरं सांगितलं असतं तर तुम्ही घरी पाठवलं असतं. मला जायचं नव्हतं. आज म्हणून नाही. कधीच."

प्राचीने भाजी वाढायला घेतली. डाव दोनदा हातातून निसटला.

भटूमामांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर पहिला घास घेतला आणि थांबले.  "मनी बहीणना हात शे," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा भाजी मागितली.

पानं उठल्यावर प्राचीने मामांना सगळं सांगितलं. नाकाचं, जळक्या पातेल्याचं, भिंतीवरच्या डबीचं. मामा उठून आत गेले, डबीचा हिरवा दिवा निरखून आले. मग अंगणात पाहुण्यांच्या सतरंज्या झटकणाऱ्या, शिंकून शिंकून बेजार झालेल्या प्रशीलकडे त्यांनी तितकंच निरखून पाहिलं. एरंडोलचा विषय त्यांनी काढला नाही. जाताना फक्त म्हणाले, रोज फोन करत जा.

संध्याकाळी प्रशील निघाला. दारात चपला घालताना रेंगाळला.

"भाजी तर जमली," तो म्हणाला. "आता रविवारी..."

हा आता येणार नाही, ही धास्ती प्राचीला पुन्हा वाटली. पण आता ती भीती तिच्या ओळखीची झाली होती. ती आतल्या खोलीकडे बघत म्हणाली,

"नाक उघडलं की या. आईचं कपाट उघडायचंय. आत कसला वास आहे, मला सांगाल?"

त्याने मान डोलावली. एक चप्पल घातलेली, एक हातात, असा तिथेच उभा राहिला... आणि बोलायचं सोडून मान एका बाजूला कलती करून, प्राची आणखी काही म्हणते का, ते ऐकत राहिला.