बेलपानाचा मार्का

"मार्का नसलेला नग आमी घेत न्हाई."

सोलापूरच्या मालधक्क्यावर चन्नवीर मला पहिल्यांदा बोलला ते हे वाक्य, आणि तेही मान वर न करता! रेल्वेचा कारकून म्हणजे जणू लाटसाहेबच. सन एकोणतीसची दिवाळी तोंडावर आली होती. माझ्या वडलांचा, आप्पांचा, पाय मुरगळलेला, म्हणून आमच्या पेढीच्या लुगड्यांचे गठ्ठे घेऊन मीच आले होते. गडबडीत त्यावर पेढीचा मार्का घालायचा राहिला होता.

"मग कुंचला द्या की इकडं!"

त्याच्याच हातातला कुंचला घेऊन मी गठ्ठ्यावर आमचं बेलपान काढलं. आता कुठं त्यानं वर पाहिलं. पानाकडं... मग माझ्याकडं. जरा जास्तच वेळ.

"बेलपान हाय व्हय? मला कोंबडीचा पाय वाटला."

"पानाकडं बघा म्हंजे कळंल. माज्याकडं बघून कसं कळायचं?"

हमाल हसले. चन्नवीर कानापर्यंत लाल झाला, आणि मला तो तिथंच आवडला.

आप्पांचा पाय बरा झाला, तरी दर बुधवारी धक्क्यावर मीच जाऊ लागले. गुळाच्या ढेपांचा वास, तापलेली फरशी, हमालांचा आरडाओरडा... सगळं गोड वाटायचं. तो माझ्यासाठी कुंचला धुऊन ठेवायचा. माझी पानं सुधारली. तो थट्टा भरपूर करायचा, पण मुद्द्याचं बोलेल तर शपथ!

संक्रांतीनंतरच्या बुधवारी आप्पाही सोबत आले. ते गाडीवानाशी बोलत मागं राहिले. आमच्या गठ्ठ्यांशेजारी एक कोरी ट्रंक दिसली.

"माजी हाय," चन्नवीर म्हणाला. "कुर्डुवाडीला बदली झाली... आजच निघायचं."

"आन् मला सोमवारी मंद्रूपचे लोक बघायला येणार हायेत. आप्पांशी बोलणार का?"

"बोलायचंय की... पर सुरुवात कशी करू?"

एवढंच ना? मी कुंचला बुडवला आणि त्याच्या ट्रंकेवर बेलपान काढलं.

"अवो, हे काय!"

"मार्का नसलेला नग तुमी घेत न्हाई न्हवं?"

एवढ्यात आप्पा आले. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण आपलं बेलपान ते लांबूनही ओळखत. ट्रंकेपाशी ते थांबले.

"ही आपली न्हवं. हिच्यावर आपला मार्का कसा?"

मी चन्नवीरकडं पाहिलं. आता बोलायची पाळी त्याची होती.

चन्नवीरनं टोपी सरळ केली. "ट्रंक माजी हाय, आप्पा. पान दाक्षायणीनं काढलंय... आन् मला ते पुसायचं न्हाई. तिचा हात मागतो."

आप्पांनी पानाला बोट लावलं. रंग ओला होता. त्यांनी बोटाकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या कुंचल्याकडं. मी मान खाली घातली नाही.

"सोमवारी वडलांना घिऊन घरी ये," ते चन्नवीरला म्हणाले. "मंद्रूपला मी नको म्हणून कळवतो."

मग पुन्हा ट्रंकेकडं वळून हसले.

"पान मात्र झ्याक आलंय, दाक्षाव्वा."