बुजवलेल्या तळ्यावरची आगगाडी

त्या रविवारी चतुराबाई सकाळपासून दशम्या करत बसल्या होत्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वर तळलेल्या मिरच्या... डबा असा ठासून भरला की झाकण गुडघ्याखाली दाबून बसवावं लागलं. नात तेजश्री नवा पिवळा फ्रॉक घालून जिन्याच्या पायरीवर कधीची बसली होती आणि येईल-जाईल त्याला सांगत होती, "आम्ही पार्कला चाललो." जामबाग मोहल्ल्यातल्या त्या जिन्यावरून जाणाऱ्यांना तरी काय, असल्या बातम्या हव्याच असतात.

पास विकासच्या कंपनीनं दिले होते. विकास म्हणजे चतुराबाईंचा मुलगा. कुकटपल्लीला वॉशिंग मशीनच्या कारखान्यात सुपरवायझर. देशात बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या तसा त्याच्या घरात रंगीत टीव्ही आला, मग केबल आली, आणि आता हे पास. पार्क कुकटपल्लीच्याही पुढं, माळावर. नवीनच उघडलेला. पण जागा चतुराबाईंच्या ओळखीची होती. विकास लहान असताना त्या एकदा तिथं आल्या होत्या. तेव्हा तिथं नुसती बाग होती, चार मोर होते आणि तळं होतं. तळ्यात वल्ह्याची बोट फिरायची. चिंचेखाली चादर अंथरून दिवसभर बसलं तरी कुणी ऊठ म्हणत नव्हतं. फक्त शेंगा विकणारी म्हातारी म्हणाली होती, "बेटे कू पानी के पास नक्को छोडो अम्मा. ये तलाव साल में एक बच्चा लेताच है."

आता तळं दिसेना. मोर नाहीत, चिंचही नाही. दारात कोलाची बाटली, तीही दोन मजली उंच. आत फायबरचे हत्ती, पाण्याच्या घसरगुंड्या, कर्ण्यावर इंग्रजी गाणी. गेटवरच्या वॉचमननं पहिल्यांदा डबा धरला.

"बाहर का खाना अंदर नक्को, अम्मा."

"अरे, दशम्या आहेत. बॉम्ब नाहीत," चतुराबाई म्हणाल्या.

सून वंदनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्याबाई, ठेवा ना इथं. सगळे बघतायत."

डबा गेटवरच राहिला. आत उभ्या उभ्या चिप्स खाल्ले. बसायला कुठं जागाच नव्हती. जिथं तिथं रंगीत फरश्या, एवढंसं उघडं रान नाही.

"तळं कुठं गेलं रे?" त्यांनी विकासला विचारलं.

"बुजवलं माय. ती बघ, तिथं आता गुहा केलीय. छोटी आगगाडी जाते आतून. भुतं आहेत प्लास्टरची."

विकास आणि वंदना पाण्याच्या घसरगुंडीकडं गेले. आगगाडीत आजी आणि नात बसल्या. गाडी गुहेत शिरली. हिरवे दिवे, टेपवरचं खदाखदा हसणं, कवटीतून लटकलेली जीभ. तेजश्री खिदळत होती, "आजी, हे खोटं आहे, दोरी दिसतीय!"

आणि करंट गेला.

गाडी थांबली. हसणं अर्ध्यावर तुटलं. असा मिट्ट काळोख की स्वतःचा हात दिसेना. पुढच्या डब्यातली पोरं आधी ओरडली, मग तीही गप्प झाली. त्या शांततेत चतुराबाईंना ऐकू आलं... डुबुक... डुबुक... काठाच्या दगडावर पाणी आपटतं तसं. आणि वास आला. नव्या रंगाचा नव्हे. शेवाळाचा, गाळाचा, कुजलेल्या फुलांचा. बतुकम्माच्या सणाला पुजलेली फुलं तळ्यात सोडली की चार दिवसांनी काठाला येतो तसला.

तेजश्रीनं एकच किंकाळी फोडली. मग काहीच नाही.

दिवे आले तेव्हा पोर डोळे ताठ करून समोर बघत होती. अंग थंडगार. हाक मारली तर ओ नाही, बाहेर आल्यावर कोला पुढं केला तर घोट नाही.

"घाबरलीय. झोपली की होईल नीट," विकास म्हणाला. पण त्याचाही आवाज उतरला होता. खांद्यावर घेतली तर मान अशी पडली, जणू आत कुणी नाहीच.

 चतुराबाईंचं माहेर उदगीरकडं. तिकडची रीत अशी की लेकरू परक्या जागी दचकलं तर निघताना तिथल्या मातीची चिमूट त्याच्या कपाळाला लावायची आणि मागं वळून हाक मारायची, चल रे, घरी चल. दचकलेला जीव मागंच घुटमळतो. हाक ऐकली की माणसांबरोबर येतो. पण चतुराबाईंच्या आईनं आणखी एक बजावलेलं होतं. दिवेलागणीला, पाण्याच्या काठी लेकराचं नाव घ्यायचं नाही. पाणी ऐकलेलं नाव विसरत नाही.

गेटपाशी पोचेतो दिवेलागण झालीच होती. आता इथं पाणी नव्हतं. पण मघाचा वास अजून नाकात होता. काय करावं? त्यांनी फरशीच्या फटीत बोट घातलं. चैत्राचे कोरडे दिवस, आणि बोटाला आला तो ओला, काळा, चिकट गाळ. तो त्यांनी पोरीच्या कपाळाला टेकवला. गुहेकडं तोंड केलं. आणि नाव टाळून म्हणाल्या,

"चल बाळा, घरी चल... आजीसंगं चल, बाळा."

वंदनानं कपाळावर हात मारला. पण तेजश्रीनं विकासच्या खांद्यावरून मान उचलली, डोळे चोळले, आणि हसली.

"बघ," चतुराबाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर पोर शहाण्यासारखी वागू लागली. तेच तर चुकलं. तेजश्री शहाणी कधी होती? वाढलेलं सगळं खायची, भाजीसुद्धा. टीव्ही लावा म्हणायची नाही. दिव्याचं बटण दाबलं की दर वेळी दचकून वर बघायची. ग्लास हातात दिला तरी पाणी ओंजळीनंच प्यायची. नावानं हाक मारली तर ढिम्म; आणि कुणी सहज "बाळा" म्हटलं की लगेच धावत यायची. चतुराबाईंना ती "आजी" म्हणेना. "अव्वा" म्हणायची.

"शाळेत तेलुगू शिकवतात, आत्याबाई. त्यात काय एवढं?" वंदना म्हणायची. पण रात्री तीही पोरीच्या चेहऱ्याकडं बघत बसायची. कोठी भागातल्या डॉक्टरनं टॉनिक दिलं.

एका दुपारी चतुराबाई तिचे केस विंचरत होत्या. न राहवून त्यांनी विचारलं, "आमची तेजश्री कुठं आहे गं?"

पोरीनं आरशातूनच उत्तर दिलं. अगदी हळू. "तिथंच बसलीय, अव्वा. तळ्याच्या पायरीवर. तिला कुणी हाक मारली नाही ना... तू मला मारलीस."

फणी हातातून पडली. चूक कुठं झाली ते त्या क्षणी कळलं. नाव घेतलं नाही, नुसतं बाळ म्हणून हाक मारली. अन् जे कधीचं कुणाच्या तरी हाकेची वाट बघत होतं, ते आलं.

विकासला सांगून उपयोग नव्हता. त्यांनी पोरीला बरोबर घेतलं, कोठीला बस धरली, पुढं रिक्षा केली. आडवारचा पार्क ओस पडला होता. कर्णे बंद, हत्तींच्या पाठीवर धूळ. आगगाडीवरचा माणूस खुर्चीत पेंगत होता. "ट्रेन बंद है, अम्मा. पब्लिक नै."

"बसायचं नाही बाबा. नुसतं बघायचंय."

गुहेच्या तोंडाशी आल्यावर पोर जी अडली ती अडली. दोन्ही हातांनी तिनं चतुराबाईंचा पदर धरला.

"अव्वा, नक्को... मैं कुछ नै मांगती. कम खाती मैं. अंदर ठंडा है, अव्वा..."

 शेवटी तेही लेकरूच. कुणा अव्वाचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी पदराखाली घेतलेलं. घटकाभर त्यांच्या मनात आलं, राहू दे. आणि त्याच घटकेला त्यांना दिसली पिवळ्या फ्रॉकमधली आपली पोर, जिन्यावर बसलेली, येईल-जाईल त्याला सांगणारी. त्यांनी पदर सोडवला. एकेक बोट करून सोडवला. डोळ्यांना धार लागली होती, तरी सोडवला.

सूर्य कलला होता. आईचं बजावणं आठवत होतं. पण दुसरा इलाज कुठला? त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि त्या काळोखात हाक मारली.

"तेजश्री! चल घरी!"

गुहेनं आवाज परत दिला. पुन्हा मारली. पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी अशी आर्त हाक मारली की घशात रक्ताची चव आली. पोर मटकन खाली बसली. चतुराबाईंनी तिला उचलून छातीशी धरलं. ती डोळे किलकिले करून म्हणाली, "आजी... मला भूक लागली. केवढा वेळ लावलास!"

त्या रडू लागल्या, हसू लागल्या, तिचे मुके घेऊ लागल्या. आणि तेवढ्यात आतून हाक आली. "तेजश्री... चल घरी..." त्यांच्याच आवाजात. पण चतुराबाईंनी चौथ्यांदा हाक मारलीच नव्हती. प्रतिध्वनी असेल, गुहा मोठी आहे, असं मनाला समजावत त्या पोरीला घेऊन पळत सुटल्या.

नंतर घर पुन्हा घरासारखं झालं. तेजश्री भाजी बाजूला काढू लागली, टीव्हीसाठी भांडू लागली, "आजी, आजी" करून डोकं खाऊ लागली. वंदना म्हणाली, टॉनिकचा गुण आला. चतुराबाईंनी मान डोलावली. त्यांचा घसा मात्र त्या दिवसापासून बसला होता तो काही सुटेना. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला. कुजबुजल्यासारखं बोलायच्या. वयानं होतं, डॉक्टर म्हणाला. पोर परत आली होती. घशाचं काय एवढं?

परवा संध्याकाळची गोष्ट. विकास दुसऱ्या पाळीला गेलेला. वंदना स्वयंपाकघरात फोडणी देत होती. आतल्या खोलीत चतुराबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून तेजश्री चित्रांचं पुस्तक बघत पडली होती. वंदनानं नुकताच देवापुढं दिवा लावला होता.

तेजश्रीनं एकदम पुस्तक मिटलं. कान टवकारले.

"आजी," ती म्हणाली, "तू इथं आहेस ना?"

"इथंच आहे की गं."

"मग जिन्यात कोण आजी हाका मारतीय?"

आता चतुराबाईंनाही ऐकू आलं. खालच्या पायरीवरून. खणखणीत, पूर्वीसारखा, न बसलेला आवाज. त्यांचा.

"तेजश्री... चल घरी..."

पोर उठू लागली. झोपेत उठतात तशी. चतुराबाईंनी तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं. आवाज पायऱ्या चढत होता. प्रत्येक पायरीवर एक हाक. फोडणीच्या वासातून गाळाचा वास वर येत होता.

स्वयंपाकघरातून वंदना ओरडली, "आत्याबाई, अहो घसा सुटला वाटतं! जिन्यात उभ्या राहून काय ओरडताय? थांबा, कडी काढते."

चतुराबाईंनी ओरडायला तोंड उघडलं. उघडू नको, वंदना, मी इथं आहे. पण घशातून हवासुद्धा फुटली नाही.

"हो गं बाई, काढ लवकर," दारामागून त्यांचा आवाज म्हणाला.