याह्याच्या मेंढ्याची हाडं

नौफल, फोन ठेवू नकोस, आधी ऐक. आत्ताच घडलंय. आज बुधवार ना, रात्री अकरा वीसला.

उद्या आठ वाजता सहावीच्या पोरांना पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा सांगाडा शिकवायचाय. चित्र दाखवलं की जांभया देतात कार्टी. म्हणून अख्खा सांगाडा हवा होता. पण इथे मेकनेस शहरात कुठल्याही खाटकाकडे जा, हाडं सत्तूरने तोडलेलीच.

शाळेचा शिपाई बा अल्लाल हसला. "मास्तर, अख्खा मेंढा तुमच्या ताईच्या अंगणात पुरलाय की."

खरंच की. तीन महिन्यांपूर्वी बुशराताईच्या बाळाचं, याह्याचं, सातव्या दिवशी नाव ठेवलं, तेव्हा कापलेला. त्या मेंढ्याचं हाड मोडत नाही ना आपण. सांध्यातून सोडवून पुरतो, बाळाची हाडं धड राहावीत म्हणून.

बुशराला विचारलं. "ने. पण एक जरी मोडलंस, सुफियान, तर या घरात पाऊल टाकू नकोस."

म्हणून हाडं उकरून, धुऊन तिच्याच स्वयंपाकघरात जोडायला बसलो. बाहेरच्या दाराला आतून कडी. नवरा टँजियरला, ती आणि याह्या वर झोपलेले. मणके तारेत ओवून झाले. मग मांडीच्या हाडाला भोक पाडायला ड्रिल टेकवलं…

वर याह्या किंचाळला.

थांबलो. तो गप्प. पुन्हा टेकवलं. पुन्हा किंचाळला. मग ड्रिल पोळपाटावर चालवून बघितलं… काही नाही.

पुन्हा उचलायला गेलो. हाड सटकलं. फरशीवर पडलं.

कट्.

वरून आवाजच नाही.

ते जास्त वाईट होतं, यार.

धावत वर गेलो. बुशरा जागी. "काय रे?"

"याह्याचा पाय बघ."

"डोकं फिरलंय का तुझं?"

मीच दुपटं काढलं. उजवा… डावा… दोन्ही पाय झाडत होता. हसलासुद्धा.

"काय मोडलंस?" बुशराने विचारलं.

मी खाली बोट दाखवलं.

तिने याह्याला उचललं. खाली आलो. कडी तशीच. फरशी रिकामी. हाड टेबलावर.

बोरूच्या दोन कामट्यांमध्ये घट्ट बांधलेलं. वर अंड्यात भिजवलेलं फडकं. हाडवैद्य बांधतो ना, तस्सं. फडकं ओलं होतं.

बुशरा हळूच म्हणाली, "घरात अंडी नाहीत रे. परवाच संपली."

ती म्हणतेय, आहे तसं पुरून टाक. पण आत हाड जुळलंय की नाही, हे न बघता कसं पुरायचं? आणि फडकं सोडायला गेलो नि हाड पुन्हा मोडलं तर… याह्या समोरच आहे, तिच्या कडेवर. माझ्याकडेच बघतोय.

तू असतास तर सोडलं असतंस?