आजोबांची ‘नको’ पेटी

आठवडा उलटला तरी आईचा एकही मेल नव्हता. केतकी आणि तिचे आजोबा चंद्रावरच्या शिशिर वसाहतीत राहायचे, आणि आई चंद्राच्या पलीकडच्या बाजूला बर्फ शोधायला गेली होती. लहान मुलांना तिथे स्वतःचा मेल नसे, म्हणून आई आजोबांच्या पत्त्यावर रोज लिहायची. एकाएकी सगळं चिडीचूप झालं. आजोबा हट्टी, तिचा आला की मगच लिहू म्हणाले, पण त्यांचंही जेवणात लक्ष नव्हतं. केतकी तर दिवसातून दहादा त्यांना मेल बघायला लावायची.

अशात शेजारच्या शिंत्रेकाकू सहज बोलून गेल्या, की केतकीच्या आईचा त्यांना कालच मेल आला, घरचे रागावलेत का म्हणून विचारत होती. आई सुखरूप आहे हे कळून केतकीचा जीव भांड्यात पडला. पण काकूंना मेल येतो आणि आम्हाला नाही, हे काय गौडबंगाल? ती तडक टपालघरात गेली.

तिथे टपोजी नावाचा यंत्रमानव वसाहतीचा मेल सर्व्हर (सगळ्यांचे मेल जमा करून वाटणारा संगणक) सांभाळायचा. स्वभावाने गरीब, पण एकदा बोलायला लागला की आवरायचा नाही. त्याने सांगितलं, पृथ्वीवरून स्पॅम (न मागता येणारे फालतू मेल) इतके येतात की विचारू नका. अर्ध्या किमतीत ऑक्सिजन काय, टक्कल घालवायचं तेल काय! ते अडवायला प्रत्येकाचा एक फिल्टर (मेलची गाळणी) असतो, आणि तो शिकत जातो. माणसं नकोसा मेल ‘नको’ पेटीत टाकतात, बाकीचा ‘हवं’ पेटीत राहतो. सगळे झोपले की टपोजी आपणहून ती पेटी तपासतो. जे शब्द, जी नावं तिथे वारंवार दिसतात, त्यांच्यावरचा संशय वाढतो. जी बाहेर राहतात, त्यांच्यावरचा विश्वास. नवा मेल आला की दोन्हींची गोळाबेरीज करून तो कुठल्या पेटीत जायचा ते ठरतं.

“मग सगळ्यांना मिळून एकच गाळणी का नाही?” केतकीने विचारलं.

“बुरशी हा शब्द दिसला की शिंत्रेकाकू वैतागतात,” टपोजी म्हणाला. “तुझे आजोबा बुरशीचे शास्त्रज्ञ. त्यांचा त्या शब्दात जीव. म्हणून ज्याची त्याची गाळणी वेगळी.”

केतकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजोबांना पसारा म्हणून खपत नसे. बुरशीचे मेल तेवढे कामाचे म्हणून राहू द्यायचे, पण आईचा मेल केतकीला मोठ्याने वाचून दाखवला की म्हणायचे, “वाचून झाला, आता नको,” आणि टाकायचे ‘नको’ पेटीत. अहो, गाळणीला बिचारीला काय कळणार? आई म्हणजे स्पॅम, एवढंच ती शिकली होती.

केतकी धावत घरी आली. आजोबांनी ‘नको’ पेटी उघडली. आईचे सगळे मेल तिथे निमूट पडून होते, आणि शेवटच्यात लिहिलं होतं, “तुम्ही गप्प आहात. रागावला असाल तर मी इथलं पुढचं काम घेते. नाहीतर आज दुपारच्या गाडीने निघते. कळवाल?”

दुपारला थोडाच अवकाश होता. आजोबा उत्तराची जुळवाजुळव करत बसले, म्हणून केतकीनेच लिहिलं, “आई, ये.” लगेच त्याच ‘नको’ पेटीत उत्तर आलं, “निघाले.” आजोबांनी डोळे पुसले आणि आईचे सगळे मेल एकेक करून ‘हवं’ पेटीत ठेवले.

टपोजीने त्यांना ‘वाचलं’ अशी तिसरी पेटी करून दिली आणि तिच्यातून काहीही शिकायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वाटेतून आईचा मेल आला, तो थेट सगळ्यात वर. गाळणी एका रात्रीत सुधारली होती. आजोबांनी मेल वाचला, आणि सवयीने हात ‘नको’कडे वळला. हात थांबला, मागे आला, आणि आजोबा हसून म्हणाले, “हा राहू दे. ती आली की तिच्यासमोर पुन्हा वाचू.”